तिगावच्या मोटरींचा मानपान

पांढुर्ण्यात पंकज सोमकुंवरला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडणार नाही, आणि त्याला एखादी गोष्ट चटकन ठरवताना पाहिलेला माणूस तर त्याच्या घरातही सापडणार नाही. कोणी साधं विचारावं, "पंकजभाऊ, चहा सांगू का?" तर हा गडी हातातला पेचकस खाली ठेवून, डोळे बारीक करून म्हणणार, "पाहून राहिलो." मोटरसायकल घ्यायची ठरली तेव्हा त्याने इतक्या बारकाईने आणि इतका काळ पाहिलं, की जी शेवटी पसंत पडली ती बनवणं कंपनीने मधल्या काळात बंद करून टाकलं होतं. लग्नाचंही तेच व्हायचं. सौसरला मुलगी पाहून आला, चहा-चिवडा घेऊन आला, आणि महिना उलटला तरी धड होकार नाही की धड नकार नाही. शेवटी त्या मुलीनेच, म्हणजे अश्विनीने, फोन लावला. ती नुकतीच सौसरच्या सरकारी शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती. "तुमचं पाहणं झालं असन तर सांगून द्या," ती म्हणाली, "मले शाळेत सुट्टी टाका लागते." पंकज म्हणाला, बरं. लग्न झालं. ते पंकजने ठरवलं असं कोणी म्हणत नाही, पंकजही म्हणत नाही.

त्याला आळशी म्हणणारे लोक गावात आहेत. त्यांना काही कळत नाही, त्यांचं ऐकू नये. पंकज राबणारा माणूस. काही वर्षं तो नागपूरला एका कंपनीत होता. ट्रकांमध्ये बसवलेले डबे आपण कुठे आहोत ते सांगत आणि पंकजने लिहिलेला सर्व्हर सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेई. कंपनीने एक दिवस गाशा गुंडाळला, पंकज जवळच्याच तिगावला घरी परतला आणि पांढुर्ण्याच्या बसस्टँडजवळ कॅमेरे-वायफायचं दुकान टाकून बसला. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून कामाला तोटा नव्हता, जो तो साहेब आपल्या दारावर कॅमेरा लावून घेत होता. पण शिडीवर चढून वायर ओढता ओढता पंकजला आपला जुना सर्व्हर आठवे आणि हातोडी हवेतच थांबे. खाली उभ्या साहेबाला वाटे, भिंतीत काही दोष निघाला.

अशात तिगावच्या संत्रा उत्पादकांच्या गटाचं काम चालून आलं. गटाचे अध्यक्ष अरविंदभाऊ कळंबे. त्यांनी शेतातल्या मोटरींच्या स्टार्टरला जोडायचे डबे कुठून तरी घाऊक मागवले होते. डब्यात सिमकार्ड. लाइट आली की डबा जागा होणार, सर्व्हरला 'मी आलो' म्हणून सांगणार, सर्व्हरने हुकूम दिला की मोटर चालू करणार आणि विहिरीतलं पाणी खाली गेलं की बंद. सगळं छान होतं, फक्त हे डबे जी भाषा बोलत ती त्यांच्या कारखान्याबाहेर कोणालाच येत नव्हती. बाजारात तयार मिळणारा एकही सर्व्हर त्यांच्याशी बोलायला तयार होईना. म्हणजे आपला स्वतःचा लिहिणं आलं. तोही अगदी पायापासून कोणी लिहीत नाही. त्यासाठी तयार फ्रेमवर्क मिळतात, त्यातलं एक निवडायचं आणि त्यावर आपलं काम उभं करायचं. निवडायचं, इथेच सगळं घोडं अडलं.

बरं, यावेळी पाहत बसण्याची चैन नव्हती. पुण्याला सौरभ नावाचा कॉलेजातला मित्र होता. त्याने आपल्या कंपनीत पंकजसाठी एक जागा धरून ठेवली होती आणि जानेवारीत हो की नाही ते सांग म्हणून तंबी दिली होती. पुण्याला जायचं तर पंकजने एकट्याने जायचं. अश्विनीची सरकारी नोकरी सौसरला, आणि वडील भाऊराव तिगावच्या आपल्या रानाला सोडून कुठे एक रात्र राहायला तयार नसत. तिगावचं काम गटाला पसंत पडलं तर मात्र आसपासची गावंही डबे लावणार होती आणि पंकजला इथेच राहून पोटापुरतं काम मिळणार होतं. पंकजला जायचं नव्हतं. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते ठरलं असतं.

तर पंकज फ्रेमवर्क पाहू लागला. इंटरनेटवर त्यांचे तक्ते असतात, कोण एका सेकंदात किती जणांना उत्तर देतो त्याचे. पंकजने ते तक्ते पाठ केले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सगळं घर दीक्षाभूमीला गेलं तेव्हा रांगेतही तो मोबाइलवर तक्तेच पाहत होता आणि मागच्या कुटुंबाने त्याला दोनदा पुढे ढकललं. सकाळी त्याला जावातलं फ्रेमवर्क भारी वाटे, दुपारी गो नावाच्या भाषेतलं, आणि संध्याकाळी पायथॉनमधल्या एकावर जीव जडे. ज्याच्याबद्दल शेवटचं वाचलं ते सगळ्यात चांगलं, असा एकूण प्रकार होता.

"हे फ्रेमवर्क म्हणजे असते काय हो?" अश्विनीने एका रविवारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता विचारलं.

"बिछायत केंद्र समज," पंकज म्हणाला. "लग्न आपलं, पाहुणे आपले, सैपाक आपला. पण मांडव, खुर्च्या, लाइट, दाराशी पाण्याचा ड्रम, हे सारं बिछायतवाल्याचं. आपण कायले बांबू गाडत बसाव?"

"मंग घ्या न एखादा बिछायतवाला."

"एखादा म्हणजे कोणता, थेच तर पाहून राहिलो. हा पाह्य, हा एका सेकंदात सगळ्यात जास्त लोकाईले वाढते."

अश्विनीने शेंगा बाजूला ठेवल्या. वर्गात एखाद्या पोराने गणित उलटं मांडलं की ती असाच चेहरा करते. "तुमचे पाहुणे जेवतात किती?"

"जेवत नाहीत. आलो म्हणून सांगतात अन बसून राहतात, लाइट जाईपर्यंत. मधात कधी एखादा शब्द."

"अन येतात कसे, एकेक?"

"एकेक कसे येतीन? लाइट आली की सारे एकदमच."

"मंग कोण किती झपाट्यानं वाढते हे कायले पाहून राहिले तुम्ही? जेवणारंच कोणी नाही. एकदम वरात आली तर दारात चेंगराचेंगरी नाही झाली पाहिजे, अन मंग नुसते बसलेले पाहुणे संभाळता आले पाहिजे. एवढंच न?"

पंकजने मोबाइलवरचा तक्ता बंद केला. काही फ्रेमवर्कांची रीत अशी असते की प्रत्येक पाहुण्यामागे एक वाढपी उभा करायचा. पाहुणा तासन्‌तास नुसता बसला तरी वाढपी हातात पळी घेऊन त्याच्यामागे उभा. इतके वाढपी पोसताना यजमानच खाली बसतो. दुसरी रीत अशी की मोजकेच वाढपी ठेवायचे, पण सतत फिरते. जो हात वर करील त्याच्याकडे वळायचं, काम उरकलं की पुढे. तिगावला ही दुसरी रीत पाहिजे होती. हे पंकजला माहीत नव्हतं असं नाही, पण तक्त्यांच्या नादात त्याने आपले पाहुणे कसे आहेत याचा विचारच केला नव्हता. त्या एका रविवारी अर्ध्याहून जास्त फ्रेमवर्क बाद झाले. उरलेल्यांतून एक निवडायचं म्हणजे पुन्हा तेच आलं, म्हणून पंकज रामाकोन्याला मामाकडे गेला.

मामा म्हणजे रामाजी वासनिक. सगळ्या गणगोताच्या सोयरिकी यांनी जुळवलेल्या आणि त्यातली एकही मोडलेली नाही, याचा त्यांना भारी अभिमान. पत्रिका-बित्रिका त्यांच्या घरात कोणी पाहत नाही. मामांची रीत वेगळी होती. पंकजने कॉम्प्युटरमधलं सगळं सांगून टाकलं, मामांनी ते सगळं सोडून दिलं आणि म्हणाले, "पोरगं पाहूच नको, बापा. घर पाह्य. सांगून गेलं तर कोणीही पोहे करते. न सांगता जाव, भर दुपारी, अन पाण्याचा गिलास कोण आणते थे पाहाव."

पंकज हसला. पण परतीच्या बसमध्ये सौसर येईपर्यंत त्याचं हसू ओसरलं आणि पांढुर्ण्याला उतरल्यावर त्याने दुकान उघडून पहिलं काम ते केलं. उरलेल्या फ्रेमवर्कांमागे जी माणसं होती त्या सगळ्यांच्या दारात तो न सांगता जाऊन उभा राहिला, म्हणजे प्रत्येकाला त्याने एक साधा, थोडा वेंधळा प्रश्न लिहून पाठवला: आमच्याकडे संत्र्याची झाडं आहेत, बहराआधी आम्ही त्यांचं पाणी तोडतो आणि मग मोटरी लावतो, लाइट आली की सगळे एकदम येतात, तुमच्याकडे जमेल का?

एका घराचं दार उघडलंच नाही. दुसरं घर मोठ्या कंपनीचं. तिथून लगेच उत्तर आलं की तुमचा प्रश्न आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, आणि दुसऱ्या दिवशी आमची सेवा कशी वाटली ते कळवा म्हणून विचारणा आली. सेवा काय झाली ते पंकजला शेवटपर्यंत कळलं नाही. तिसऱ्याने एका ओळीत सांगितलं की हे माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे, ज्यांना वाचता येत नाही त्यांनी या धंद्यात पडू नये. चौथं घर एका थंड देशातल्या बाईंचं. त्या आणि त्यांचे दोन मित्र मिळून ते फ्रेमवर्क सांभाळत होते. त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं. जमेल, कसं ते पुढे लिहिलं आहे, आणि खाली एक प्रश्न होता, की तुम्ही लिहिता की बहर येण्याआधी झाडांचं पाणी मुद्दाम तोडता, झाडाला असं तहानलेलं का ठेवायचं? पंकजने ताण देणं म्हणजे काय यावर त्यांना पानभर लिहिलं. झाड तहानलं की घाबरतं, घाबरलं की फुलतं, आणि मग पहिलं पाणी द्यायचं. बाईंना ते फार आवडलं. त्यांनी शेवटी बजावलं, की आमच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर एक गोष्ट आहे ती विसरू नका, आपल्या भाषेत सांगायचं तर फिरत्या वाढप्याला कुठेही थांबू देऊ नका. एकापाशी थांबला की सगळे उपाशी.

मामांना फोनवर हे सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "या घरी पोरगी देऊन टाक." अश्विनीने संध्याकाळी विचारलं, "झालं का पाहणं?" पंकजने तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "झालं." मग मात्र तो झपाटल्यासारखा कामाला लागला. निवडायचं नसलं की त्याच्यासारखा कारागीर जिल्ह्यात नाही.

सर्व्हर उभा राहत आला तेव्हा अरविंदभाऊंनी आपल्या गोदामात गटाची बैठक बोलावली. त्यांना एक गोष्ट खटकत होती.

"मोटर चालू झाली हे शेतकऱ्याले कळन कसं?"

"मोबाइलवर मेसेज येईन, भाऊ," पंकज म्हणाला.

"मेसेज कोण वाचते बे? आधी फोन आला पाहिजे, मंग मोटर. नाव घेऊन, राम राम घालून. अन त्यानं उचलला पाहिजे. उचलला तवा सांगितलं असं होते. नाहीतर काय, हवेत बोलणं झालं थे."

सगळ्यांना हे पटलं. दाराजवळून कोणी म्हणालं, आमाले जय भीम पाहिजे. अरविंदभाऊ म्हणाले, हाव, ज्याले जे लागते थे. मग पहिला फोन कोणाला, हा प्रश्न निघाला. सगळ्यांना एकदम फोन लावणं बरं दिसत नव्हतं, लग्नाच्या आमंत्रणाच्या अक्षता देतानासुद्धा कोणी असं करत नाही. पहिला मान अर्थात अध्यक्षांचा. मग उपाध्यक्ष, मग जुनी मोठी घरं, मग खताच्या दुकानवाले धांडे, आणि असं करत करत खाली. हा क्रम कोणी मुद्दाम ठरवला असं नाही, तो सगळ्यांना जन्मापासून पाठ होता. शेवटचं नाव भाऊराव सोमकुंवर.

भाऊराव म्हणजे पंकजचे वडील. त्यांची उमर कळंब्यांच्या बगिच्यात वर्षाच्या बोलीवर सालदारकी करण्यात गेली. पुढे रोडला लागून एक तुकडा घेतला, त्यात त्यांनी संत्रा लावला, आणि आता त्यांच्याही मोटरीला डबा होता. ते दाराशी बसले होते आणि आपलं नाव शेवटी आलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, जसं काही बरोबरच आहे. पंकजला ते फार लागलं. पण अध्यक्षांना नाही कसं म्हणायचं? त्याने तो क्रम आपल्याच हाताने टाइप केला: आधी अध्यक्षांना फोन, त्यांनी उचलला की त्यांची मोटर, मग पुढचे. थंड देशातल्या बाईंचं बोलणं त्याला आठवत नव्हतं असं नाही. पण हा वाढपी कुठे गप्पा मारत बसणार होता, नुसता नमस्कार करून पुढे जाणार होता. मोठ्या माणसापुढे नमस्कारालाही थांबायचं नाही, हे त्या देशात चालत असेल, तिगावात कसं चालणार?

अश्विनीने घरी बसून सगळ्या नावांचे राम राम आणि जय भीम आपल्या आवाजात भरून दिले. धांड्यांच्या नावामागे कुकरची शिटी आली, ती तशीच राहिली. पंकजने दुकानात एक डबा लावून पुन्हा पुन्हा तपासलं. स्वतःचाच डबा, स्वतःचाच मोबाइल, घंटी पुरती वाजायच्या आत उचललेला. एकदाही चूक झाली नाही.

जानेवारीत ताण तोडायचा दिवस आला. झाडांनी कितीतरी दिवस पाण्याचा थेंब पाहिला नव्हता, पानं सुकून वळली होती, आणि पहिलं पाणी पंकजच्या सर्व्हरच्या हुकमाने सुटणार होतं. अरविंदभाऊंनी बगिच्यातच मांडव टाकला होता. गोदामाच्या भिंतीवर मोठा पडदा, त्यावर सगळ्यांची नावं लाल अक्षरांत. मोटर चालू झाली की नाव हिरवं होणार. अश्विनी शाळेतून अर्धी सुट्टी काढून आली होती. भाऊराव इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खुर्चीत बसले होते.  आज जमलं तर तो इथे राहणार होता आणि नाही जमलं तर सौरभला हो म्हणायचं होतं.

लाइट यायच्या आधी अरविंदभाऊ भाषणाला उभे राहिले. "सगळ्यात पहिले," ते म्हणाले, "आपापले मोबाइल सायलेंटवर टाका. शिस्त पाहिजे." आणि लोकांना दाखवायला म्हणून त्यांनी स्वतःचा आधी टाकला.

ते विज्ञानाबद्दल बोलत असतानाच गोदामावरचा दिवा लागला. लाइट आली. रानोरान डबे जागे झाले असणार. सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. पडदा लालच. अरविंदभाऊ बोलत राहिले. पडदा लालच. पंकजने लॅपटॉपमध्ये पाहिलं. डबे सगळे आले होते, दाराशी दाटी करून उभे होते, आणि सर्व्हर अध्यक्षांपुढे हात जोडून उभा होता. अध्यक्षांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल मुकाट्याने थरथरत होता आणि अध्यक्ष माणूस चंद्रावर कसा गेला ते सांगत होते.

लोक चुळबुळ करू लागले. धांडे उठून म्हणाले, "आमची झाडं तहानेनं मरून राहिली, मी जाऊन हातानं सुरू करतो." दोघं-तिघं त्यांच्यामागे उठले. ते गेले असते तर बाकीचेही गेले असते, आणि मग त्या डब्यांना पुन्हा कोणी हात लावला नसता.

अश्विनी पंकजजवळ आली. "कायनं अडकलं?"

"अरविंदभाऊ फोन उचलून नाही राहिले."

"मंग सांगा त्याईले, उचला म्हणून."

"त्याईनं उचलला तर पुढं उपाध्यक्ष. त्याईचाही सायलेंटवर आहे. सगळ्याईचेच आहेत." हे बोलता बोलताच पंकजला दिसलं की त्याने काय करून ठेवलं आहे. वाढपी एका पाहुण्याचा मान राखत उभा होता आणि सगळी पंगत उपाशी बसली होती. बाईंनी सांगितलं होतं, पुस्तकाच्या पहिल्या पानावर होतं, आणि त्याने अध्यक्षांना नाही म्हणवत नाही म्हणून तसंच होऊ दिलं होतं.

त्याने काही पाहिलं-बिहिलं नाही. राम रामाची ओळ उडवली, क्रमाची ओळ उडवली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला.

पडदा एकदा काळा झाला. मग एक नाव हिरवं होऊन सगळ्यांच्या वर जाऊन बसलं. मग दुसरं त्याच्याखाली, तिसरं, आणि मग भराभरा, दाराशी तुंबलेली वरात आत शिरल्यासारखी. चारी बाजूंनी मोटरींची घरघर सुरू झाली. मांडवामागच्या पाइपातून आधी हवा सुसाटली आणि मग पाणी आलं. धांडे जिथे होते तिथेच उभे राहिले. अरविंदभाऊंचं भाषण चंद्रावरच राहिलं.

पडद्यावर सगळ्यात वर भाऊराव सोमकुंवर हे नाव होतं.

भाऊराव हळूच उठून पंकजजवळ आले. "पंकज," ते खालच्या आवाजात म्हणाले, "अरविंदभाऊले वर घे."

"नाही, बाबा."

"अरे, बरं नाही दिसत थे."

"ज्याची मोटर पहिले बोलली थो पहिला. सर्व्हरले दुसरं काही दिसत नाही." पंकजला वाटलं होतं की आपला आवाज कापेल. कापला नाही. भाऊराव पडद्याकडे पाहत राहिले. तिगावात सगळं आयुष्य काढलेल्या या माणसाचं नाव आजवर कशाच्याही वर लागलं नव्हतं, ना जेवणावळीत, ना मजुरीच्या रांगेत. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि तिथेच उभे राहिले, परत मागच्या खुर्चीत गेले नाहीत. ते पाहून पंकजचे डोळे भरून आले आणि त्याने लॅपटॉपमध्ये उगाच काहीतरी शोधायला घेतलं.

अरविंदभाऊंनी चष्मा लावून पडदा वरून खालपर्यंत वाचला. 

"भाऊराव पहिले कसे?"

"त्याईचं रान रोडले लागून, टॉवर जवळ," पंकज म्हणाला. "त्याईच्या डब्यानं पहिले आवाज दिला."

"अन मी?"

"तुम्ही खाली आहात, भाऊ. धांडेकाकाईच्या खाली. पण मोटर चालू आहे तुमची."

अरविंदभाऊंनी खिशातून मोबाइल काढला. आता आपलं सगळं संपलं, असं पंकजला वाटलं. पण अरविंदभाऊंनी फोन लावला तो बगिच्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आपल्या सालदाराला. "थो डबा खाली कायले ठेवला बे?" ते ओरडले. "उंच बांबूवर बांध. उद्या आपलं नाव वर पाहिजे." हे ऐकून उपाध्यक्ष बाजूला झाले आणि त्यांनीही फोन लावला. धांडे तर थेट मोटरसायकलकडेच धावले, डब्याची तार लांबवता येते का ते पाहायला. ज्यांनी आजवर डबा घेतला नव्हता ते पंकजभोवती जमले. पडद्यावर आपलं नावच नाही, ही गोष्ट त्यांना सहन होईना. मोहगावहून पाहायला आलेले दोघं म्हणाले की आमच्या गावाचा पडदा वेगळा पाहिजे, यांच्या खाली आम्ही लागणार नाही. चहा येईपर्यंत काम पसंत झालं, पुढच्या वर्षाचंही ठरलं. विज्ञानाच्या भाषणाने जे कधी झालं नसतं ते भाऊबंदकीने चहाच्या आत करून टाकलं.

पंकजने मोटरींच्या घरघरीतच सौरभला फोन लावला आणि म्हणाला, "नाही येत मी. इथंच राहून राहिलो." सौरभ त्याला कॉलेजपासून ओळखत होता. त्याने विचारलं, कोण बोलून राहिलं?

दिवेलागणीला घरी आल्यावर अश्विनीने स्वयंपाकाला सुरुवात करता करता विचारलं, "सौरभभाऊले काय सांगितलं मंग?"

"नाही येत म्हणून सांगून दिलं."

"कधी?"

"तिथंच. मांडवातून."

अश्विनीच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. हा माणूस पुण्याला जाईल आणि आपण सौसरच्या बसमध्ये एकटे बसून येत-जात राहू, या भीतीने तिने ही थंडी कशी काढली होती ते तिचं तिलाच माहीत. ती भीती एका फोनने संपली होती आणि तिला इतका आनंद झाला होता की तिला रागच आला. "मले न विचारता?" ती म्हणाली. "साऱ्या जगाले विचारून राहिले, मामाले विचारलं, त्या थंड देशातल्या बाईले विचारलं. मले विचारा नाही लागत?"

"विचारलं असतं तर तू काय म्हटलं असतं?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

पंकज स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि त्याने विचारलं, "अश्विनी, आपण इथंच राहाचं का?"

अश्विनीने वांगी चिरली. फोडणी घातली. कणीक मळली, ती थोडा वेळ झाकून ठेवली, मग एकेक पोळी लाटून भाजायला घेतली. पंकज दारातच होता. बसावं की जावं ते त्याला कळेना आणि बोलायची त्याची हिंमत होईना. रानातून भाऊराव आले, हातपाय धुऊन आत डोकावले, दोघांकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन बसले. भाजी झाली. शेवटची पोळी तव्यावरून उतरली आणि तिने गॅस बंद केला.

"राहू," ती म्हणाली. "बाबाले बोलवा, ताटं घेते."